अभिलेख कार्यालयाला खुलं पत्र: पुरावा तुमच्याच कपाटात आहे

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या कार्यालयाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. हे पत्र तुमच्यासाठी आहे हे पहिल्या चार ओळींतच तुम्हाला कळेल. आणि तुमच्यासारखी जी आणखी कार्यालयं आहेत, त्यांनाही ते आपल्यालाच आहे असं वाटलं तर माझी हरकत नाही.

माझ्या वडिलांची श्रीलंकेतली तैनाती त्यांच्या लष्करी नोंदीत चढवा, या आमच्या अर्जाला तुमचं तिसरं उत्तर मागच्या महिन्यात कोपरखैरण्याला पोचलं. पाकीट तात्यांनी घेतलं, पण उघडलं नाही. मी कामावरून येईपर्यंत ते टीव्हीच्या मागे खोचून ठेवलं होतं. "तूच वाच," म्हणाले. वाचायला फारसं नव्हतंच. तुमच्या इंग्रजीचं मराठी करून सांगते: उपलब्ध अभिलेखानुसार सदर माजी सैनिकाची परदेशातील तैनाती आढळून येत नाही, सबब दाव्याच्या पुष्ट्यर्थ पुरेसा कागदोपत्री पुरावा सादर करावा. तात्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, त्यामुळे हे वाक्य मला दोनदा मोठ्याने वाचावं लागलं. आमच्या माथाडी वसाहतीत भिंतीला भिंत लागून आहे, तेव्हा शेजारच्या काकूंनाही ते पाठ झालं असणार.

तात्या म्हणजे माझे वडील. 1978 साली भरती झाले, ड्रायव्हर म्हणून. 1995 साली पेन्शन घेऊन बाहेर पडले, मेडिकल कॅटेगरी खाली आलेली असताना. गाव कराडकडचं. पुढे चुलत्यांच्या ओळखीने वाशीच्या फळबाजारात रात्रपाळीचे वॉचमन झाले आणि आम्ही सगळे इकडे आलो. तुमच्या कागदाप्रमाणे 1987च्या नोव्हेंबरपासून 1989च्या डिसेंबरपर्यंत ते मध्य प्रदेशातल्या एका छावणीत होते. पीस स्टेशन, म्हणजे लढाई नसलेलं ठिकाण. प्रत्यक्षात ते पंचवीस महिने ते श्रीलंकेतल्या जाफन्यात शक्तिमान ट्रक चालवत होते.

तुमच्याकडे फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलाने मला विचारलं, "मॅडम, श्रीलंकेत कुठलं युद्ध झालं होतं?" त्याच्यावर मी रागावले नाही. आवाजावरून पंचविशीचा वाटला. पण सैनिकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या टेबलावर बसलेल्याला हे कुणीतरी सांगायला हवं होतं. 29 जुलै 1987 रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या आणि आपलं सैन्य शांतिसेना म्हणून तिथे उतरलं. ऑक्टोबरात लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेशी लढाई सुरू झाली, तिला ऑपरेशन पवन असं नाव पडलं. पुढे चार डिव्हिजन तिथे होत्या. शेवटची तुकडी 24 मार्च 1990 रोजी त्रिंकोमालीहून निघाली. सुमारे 1,200 जवान परत आले नाहीत. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं ते याच मोहिमेतलं, 25 नोव्हेंबर 1987च्या रात्रीचं. ते महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे, आणि जन्म आपल्या मुंबईतला. त्याच महिन्यात तात्या मद्रासला जहाजात गाड्या चढवत होते.

आता चूक कशी झाली ते सांगते. मला ती कळते, कारण मी स्वतः एका महाविद्यालयाच्या आस्थापना विभागात चौदा वर्षं सेवापुस्तकं लिहिते आहे. तात्यांच्या मूळ पलटणीकडून ड्रायव्हर मागवले गेले. सहा जण दिले, त्यात हे एक. पण ते गेले 'अटॅचमेंट'वर. म्हणजे माणूस जाफन्यात, नाव मात्र छावणीच्या पटावर. पगार, रजा, बढती, सगळा कागद छावणीतूनच हलायचा. माणसाच्या बाबतीत काही घडलं की पलटणीचा कारकून पार्ट टू ऑर्डर काढतो, ती तुमच्याकडे येते आणि तुम्ही ती शीट रोलवर, म्हणजे त्या सैनिकाच्या सेवानोंदीवर, चढवता. पार्ट टू निघाली नाही तर तुमच्या लेखी ते घडलंच नाही. अटॅचमेंटची पार्ट टू निघायला हवी होती. ती निघाली नाही, किंवा निघून वाटेत कुठे पडली. सहाच्या सहा जणांचं असं झालं की एकट्या तात्यांचं, हे तुम्ही शोधू शकता. मी नाही शोधू शकत.

माहितीच्या अधिकारात दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून मी शीट रोलच्या प्रती मागवल्या. तीस दिवसांची मुदत कायद्यात आहे. तुम्ही सत्तर घेतलेत, ते असो. त्या प्रतींत मला एक नोंद सापडली आणि मी कितीतरी वेळ तिच्यावर बोट ठेवून बसले. फेब्रुवारी 1988: कन्यारत्न. म्हणजे मी. गावाहून आजोबांनी छावणीच्या पत्त्यावर तार केली होती. छावणीतल्या कारकुनाने ती वाचली, व्यवस्थित पार्ट टू काढली, तुम्ही ती चढवलीत, शिक्का मारलात, तारीख बिनचूक. तात्यांना मात्र मी झाल्याचं कळलं ते एकोणीस दिवसांनी, जाफन्याजवळच्या पलालीच्या विमानतळापाशी, आईच्या पत्रातून. माझ्या जन्माची नोंद तुमच्याकडे आहे. मी जन्मले तेव्हा माझा बाप कुठे होता, त्याची नाही.

तुम्ही म्हणता पत्रं जोडा. महोदय, ही गोष्ट तुम्हाला मी सांगायची? पत्रं आहेत. आईने पातळाच्या घडीत जपलेली, अकरा आंतर्देशीय. प्रत्येकावर मागे पत्ता काय, तर मार्फत 56 एपीओ, म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय. गाव नाही, देश नाही. शत्रूला ठिकाण कळू नये म्हणूनच तर ही रीत. आत मजकूरही तसाच, 'इकडे सर्व क्षेम, पाऊस बरा आहे, बैलाचं काय केलं'. काँगोत आणि गाझात आपले सैनिक गेले तेव्हा त्यांच्यासाठी टपालाच्या तिकिटांवर वेगळी अक्षरं छापली होती. तात्यांच्या पाकिटावर तसं काही असतं तर आज मी ते तुमच्या तोंडासमोर धरलं असतं. गुप्तता पाळायला तुम्हीच सांगितलंत, त्यांनी ती पाळली, आणि आता त्या पत्रांवर ठिकाण नाही म्हणून तुम्ही ती बाजूला सारता.

तरी एक कागद आहे, आणि तो तुम्ही नीट पाहिला नाहीत असं माझं म्हणणं आहे. काळ्या ट्रंकेच्या तळाला, गणवेशाच्या घडीखाली तात्यांचा 1988चा रजेचा दाखला मिळाला. चार घड्या पडलेला, मधल्या घडीवर फाटलेला. त्यावर मूव्हमेंट कंट्रोलचा, म्हणजे सैनिकांची ये-जा बघणाऱ्या कार्यालयाचा, जांभळा गोल शिक्का आहे. उजवी बाजू पुसली आहे, पण डावीकडे 'मद्रास' वाचता येतं, आणि खाली 11 सप्टेंबर. सोबत रेल्वे वॉरंट, म्हणजे सरकारी खर्चाने प्रवासाचा कागद, मद्रास ते कराड. मध्य प्रदेशातल्या छावणीतला माणूस कराडला रजेवर यायला मद्रासला कशाला जाईल? तुमच्या शेऱ्यात 'शिक्का अस्पष्ट, ग्राह्य नाही' एवढंच आहे. शिक्का अर्धा अस्पष्ट आहे, मान्य. पण वॉरंटवरचं मद्रास टाइप केलेलं आहे, आणि ते तितकंच ठळक आहे जितकं तुमचं नकाराचं पत्र.

मी हा दाखला ऑफिसातून स्कॅन करून आणला तेव्हा तात्या कितीतरी वेळ त्या शिक्क्याकडे बघत होते. मग म्हणाले, "त्या टायमाला तू सात म्हयन्याची हुतीस. मला बघून रडलीस. दाढी वाढलेली ना." त्याच रजेत त्यांनी आणलेला श्रीलंकेचा एक रुपया अजून आमच्याकडे आहे, 1982 सालचा. लहानपणी व्यापार खेळताना तो माझ्या बँकेतला सगळ्यात मोठा ठेवा होता. हा काही मी पुरावा म्हणून मांडत नाही. नाणं कुणीही कुठूनही आणतं, एवढं मलाही कळतं.

पुरावा म्हणून मी मांडला तो मुरबाडच्या काकांचा. ठाण्यात माजी सैनिकांचा मेळावा होता, तिथे तात्या चहाच्या रांगेत उभे असताना मागून कुणीतरी त्यांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. डाव्या बाजूने हाक मारून उपयोग नाही हे त्या माणसाला ठाऊक होतं. का ठाऊक होतं, ते पुढे येईल. मुरबाडचे काका दुसऱ्या पलटणीतले, पण त्याच ट्रान्सपोर्ट कंपनीला अटॅच झालेले. दोघांनी आळीपाळीने एकच गाडी चालवली आहे. त्यांच्या पलटणीतला कारकून टापटिपीचा असावा. त्यांच्या डिस्चार्ज बुकात श्रीलंका आहे, दोन्ही तारखांसह, आणि छातीवर श्रीलंकेची पट्टी असलेलं मेडलही आहे. त्यांनी शंभराच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र दिलं, आपल्या पुस्तकाची साक्षांकित प्रत दिली. तुम्ही लिहिलंत: अन्य व्यक्तीच्या अभिलेखावरून नोंद घेता येत नाही, त्या काळातल्या दोन अधिकाऱ्यांची प्रमाणपत्रं आणावीत.

ड्रायव्हरने अडतीस वर्षांपूर्वीचे दोन अधिकारी कुठून शोधायचे? त्या साहेबांची आडनावं तात्यांना येतात, पत्ते नाहीत. एकाचं तर आडनावही त्यांना नीट माहीत नव्हतं. सगळे 'टायगर साब' म्हणायचे.

मी माझ्या टेबलावरचं सांगते. मागे आमच्याकडचा एक शिपाई निवृत्तीला आला. पेन्शनचे कागद करताना कळलं की त्याची एक असाधारण रजा सेवापुस्तकात नाही. चढवायला मीच विसरले होते. चूक माझी होती आणि ती लपवायचा मोह मला झाला होता, हेही सांगते. मग जुनी मस्टरं काढली, पगारपत्रकं काढली, गोदामात दोन शनिवार धुळीत घालवले, आणि प्राचार्यांच्या सहीने नोंद दुरुस्त केली. तीन महिने गेले. शिपायाला मी एकही कागद आणायला सांगितला नाही. मस्टर त्याच्या घरी नव्हतं, माझ्या गोदामात होतं.

तुमच्याकडे तर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कागद आहे. जाफन्यात ज्या कंपनीला तात्या अटॅच होते, तिची वॉर डायरी, म्हणजे मोहिमेतली रोजची नोंदवही, असेल. मूव्हमेंट ऑर्डर असेल, सहा नावांची. रेशनचा पट असेल, कारण पंचवीस महिने त्यांना कुणीतरी जेवायला घातलंच की. पगार घेताना केलेल्या सह्या असतील. गाडीची कार डायरी असेल, ज्यात रोज निघताना आणि परतताना किलोमीटर लिहून ड्रायव्हरने सही करायची असते. 'जुने दस्तऐवज नियमानुसार नष्ट करण्यात आले' असं तुम्ही एका ओळीत लिहिलंत. कुठले दस्तऐवज? कोणत्या तारखेला? नष्ट केल्याची यादी असते, तिची प्रत मी मागितली होती. तिचं उत्तर आलेलं नाही.

आणि खरंच सगळं नष्ट झालं असेल, तर तेही पहिल्यांदाच घडतंय असं नाही. 12 जुलै 1973 रोजी अमेरिकेत सेंट लुईसजवळच्या लष्करी अभिलेखागाराला आग लागली. 1 कोटी 60 लाखांहून जास्त सैनिकांच्या फायली जळाल्या. 1912 ते 1960 या काळात सैन्यातून सुटलेल्या आर्मीच्या माणसांपैकी सुमारे 80 टक्क्यांचे कागद गेले. तिथल्या लोकांनी दुसरीकडच्या कागदांतून, पगाराच्या पावत्यांवरून, तुकड्यांच्या रोजच्या हजेरीवरून, दवाखान्यांच्या नोंदींवरून माणसाची सेवा पुन्हा उभी करायची पद्धत बसवली. ते काम अजून चालतं. आपल्याकडे आग लागलेली नाही. एका कारकुनाकडून एक ओळ राहिली, इतकंच. त्यासाठी सेंट लुईसएवढी मेहनत मी मागत नाही, दोन शनिवार मागते.

आता कानाचं. 1988चा उन्हाळा. पलालीहून जाफना शहराकडे रसद चालली होती. पुढे रस्त्यात सुरुंग आहेत का ते तपासणारे रोड ओपनिंगवाले चालत गेलेले, रस्ता मोकळा असल्याचा निरोप आलेला. दोन्ही बाजूंनी ताडाच्या झावळ्यांची कुंपणं, लाल माती. तात्यांच्या पुढची गाडी एका मोरीवर चढली आणि उडाली. तात्यांच्या गाडीची काच आत आली. बाजूला मुरबाडचे काका बसले होते, ते सांगतात की तुझ्या बापाच्या डाव्या कानातून रक्त येत होतं आणि तो मला विचारत होता, "तू बोलत का नाहीस?" डॉक्टरने कापूस घातला, तीन दिवस आराम दिला, चौथ्या दिवशी तात्या परत स्टिअरिंगवर. पुढच्या गाडीतले दोघं गेले होते, त्यामुळे कापूस घातलेल्या माणसाचा इंज्युरी रिपोर्ट भरायचं कुणाच्या डोक्यात आलं नसणार. तात्यांच्याही नाही.

1995 साली वैद्यकीय बोर्डासमोर उभं केलं तेव्हा कान पुरता गेला होता. बोर्डाने शीट रोल पाहिला. तिथे पीस स्टेशन. शेरा दिला: सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर जो कागद होता त्यावरून दुसरं काय लिहिणार? तुमच्याकडे राहिलेली एक ओळ अशी पुढे पुढे चालत गेली. अपंगत्वाचं पेन्शन मिळालं नाही. फळबाजारात आंब्याच्या हंगामात, रात्री दोनला, डावीकडून मागे येणारा टेम्पो तात्यांना ऐकू आला नाही आणि बरगडीला मार बसला. पैशाचा हिशोब मी केलेला आहे, तो नाही केला असं दाखवण्यात अर्थ नाही. तेवढ्या वर्षांचं ते पेन्शन आमच्या घरात फार मोठी रक्कम आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली धरमवीर सिंह यांच्या प्रकरणात सांगितलं आहे की भरतीच्या वेळी माणूस धडधाकट होता आणि तेव्हा आजाराची नोंद नाही, तर पुढे आलेलं अपंगत्व सेवेमुळेच आलं असं धरून चालायचं. तसं नसेल तर ते बोर्डाने कारणासहित दाखवायचं. संशयाचा फायदा सैनिकाला. हे वाचल्यावर वकिलांनी मला सांगितलं, सरळ आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये जा, मुंबईत खंडपीठ आहे. मी फॉर्मसुद्धा आणले. तात्यांनी ते बघितले आणि ट्रंकेत टाकले. "पलटणीवर केस करायची? मी?" पुढे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. म्हणून हे पत्र. माझे आणि त्यांचे संबंध बिघडवून मला ट्रिब्युनलला जायचं नाही, पण तुमचं चौथं उत्तरही असंच आलं तर मी जाणार आहे, हे त्यांनाही सांगून झालंय.

आमच्या तालुक्याकडच्या काही गावांत अजून इंग्रजांच्या वेळचे दगड आहेत. 1914 ते 1919च्या लढाईला या गावातून इतकी माणसं गेली, त्यांतली इतकी मेली. परक्या राजाने, स्वतःच्या कामासाठी नेलेल्या माणसांची का होईना, मोजदाद ठेवली. श्रीलंकेनेही कोलंबोजवळ कोट्टेला तिथे मेलेल्या भारतीय जवानांचं स्मारक बांधलंय, नावं कोरलीत. मेलेल्यांची नावं दगडावर आली. जे जिवंत परत आले, त्यांच्या वाट्याला तुमच्या कार्यालयातला शीट रोलच आहे.

माझं मागणं असं आहे. तात्यांच्या मूळ पलटणीचे आणि त्या ट्रान्सपोर्ट कंपनीचे 1987 ते 1989चे कागद तुमच्या माणसाने तुमच्या गोदामात शोधावेत. सापडले तर पार्ट टू काढून शीट रोल आणि डिस्चार्ज बुक दुरुस्त करावं. नाही सापडले, तर वॉरंट, रजेचा दाखला आणि मुरबाडच्या काकांचं पुस्तक एकत्र ठेवून त्यावर सही करू शकेल असा अधिकारी कोण, त्याचा हुद्दा कळवावा. नोंद झाली की 1995च्या बोर्डाचा शेरा फेरविचाराला पाठवावा. उरलेल्या पाच ड्रायव्हरांचेही शीट रोल त्याच वेळी उघडून बघावेत. त्यांतल्या कुणाच्या घरी आस्थापना विभागातली मुलगी असेलच असं नाही.

तात्यांना मी हे पत्र वाचून दाखवलं, उजव्या बाजूला बसून. 'तोंडासमोर धरलं असतं' हे वाक्य त्यांना आवडलं नाही. साहेबांना असं लिहू नये म्हणाले. मी ते ठेवलंय. त्यांनी स्वतःहून एकच गोष्ट घालायला सांगितली. नोंद कराल तेव्हा नुसतं श्रीलंका लिहू नका, ठिकाण पलाली असं लिहा. स्पेलिंग अडलं तर विचारा. कार डायरीत रोज दोनदा लिहून लिहून ते त्यांना अजून पाठ आहे.

कळावे,
आपली,
एका माजी सैनिकाची मुलगी
कोपरखैरणे, नवी मुंबई